उलट्या आट्यांचा बुश: इंदूरमधल्या एका जुन्या जीपचे पुढचे पाटे उतरवताना

पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबागेतल्या एका वाड्याच्या मागच्या पडवीत ही जीप बावीस वर्षं उभी होती. मालक सत्तरीचे. नाव बाजूला ठेवू, त्यांना अण्णा म्हणू. त्यांच्या वडिलांनी ती महूला लष्करी लिलावात घेतली आणि सांवेरकडच्या शेतीवर जायला वापरली. पुढे रस्ते झाले, घरात दुसरी गाडी आली, जीप पडवीत गेली आणि तिच्यावर आधी ताडपत्री, मग जुन्या गाद्या, मग सायकली चढल्या.

कागदांवर १९४४ सालची विलिस एमबी, घरात मात्र ती कायम 'फोर्ड'. असं होतं, कारण महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोघांनी एकाच आराखड्यावर जीपा बनवल्या. ओळखायची एक सोपी खूण पुढेच असते. चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असला तर विलिस, उलट्या पन्हळीसारखा असला तर फोर्ड. आपला गोल होता. फोर्ड आपल्या बोल्टांच्या डोक्यावरही 'एफ' उठवत असे, आणि गंमत म्हणजे या विलिसमध्ये तसे तीन बोल्ट सापडले. कुठल्या तरी लष्करी वर्कशॉपात हाताला आलं ते बसवलं असणार. अण्णांना त्या तीन बोल्टांचा फार आनंद झाला. घरचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं तर!

कामावर चौघं होतो. अण्णा, त्यांचा पुतण्या (नोकरी सॉफ्टवेअरची, हौस पान्यांची), एक पन्नाशीचे मिस्त्री ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, आणि मी. मी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. माझं काम सल्ला देण्याचं, म्हणजे खुर्चीवर बसून बोलण्याचं. हे आत्ताच सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पुढच्या भागाची रचना

या जीपला पुढेही मागेही पाटेच आहेत, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. आमच्या इंदूरकडे कमानी म्हणतात. पुढच्या प्रत्येक पाट्याचं मागचं टोक एका बोल्टवर चासीला अडकवलेलं असतं आणि पुढचं टोक झुलतं. झुलायला हवंच, कारण खड्ड्यात पाटा सपाट होतो तेव्हा त्याची लांबी वाढते. झुलणारी ही कडी म्हणजे शॅकल: इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली जाड सळई, दोन्ही पायांवर आटे. एक पाय चासीच्या ब्रॅकेटमध्ये, दुसरा पाट्याच्या डोळ्यात, म्हणजे टोकाला वळवलेल्या गोल भोकात. प्रत्येक पायावर षटकोनी डोक्याचा एक बुश, म्हणजे आतून आटे असलेली नळी, आट्यांनी चढवलेला. बुश बाहेरच्या अंगाने डोळ्यात घट्ट रुतून बसतो, आणि जी काही हालचाल होते ती बुशच्या आतले आटे आणि शॅकलचे आटे यांच्यामध्ये. त्या जागी ग्रीस हवं. म्हणून प्रत्येक बुशाच्या डोक्यावर ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं छोटं तोंड, असतं.

बावीस वर्षं त्या निपलांना कोणी ग्रीसगन लावलेली नव्हती.

अडचण

मे महिन्यात काम काढलं, पावसाच्या आत पुढचे पाटे उतरवून, साफ करून परत चढवायचे म्हणून. चाकं सहज निघाली. उस्तादांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलटे उघडतात. त्यांनी डावीकडे पाना लावला आणि न विचारता उलट फिरवला. पुतण्याने कौतुकाने पाहिलं. मीही.

चाकं निघाल्यावर खरं चित्र दिसलं. माळव्याची काळी माती ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. ओली झाली की फुगते, सांधीत घुसते, आणि वरून वाळली तरी आतून बरेच दिवस दमट राहते. शॅकलच्या दोन पायांमध्ये, ब्रॅकेटच्या पोटात, पाट्यांच्या कडांना ती सिमेंटसारखी बसली होती. तिच्याखाली गंज, आणि गंजावर कोणी तरी कधी तरी ब्रशने मारलेला काळा रंग. बुशांची डोकी म्हणजे काळे गोळे झाले होते, षटकोन अंदाजानेच दिसायचा.

त्यात मापांचा घोळ. गाडी सगळी इंचाची. उस्तादांच्या पेटीत सगळे पाने मिलिमीटरचे. पाऊण इंचाला १९ चा पाना चालून जातो, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. पण अर्ध्या इंचाच्या डोक्याला १३ चा पाना ढिला बसतो, आणि ९/१६ इंचाला तर १४ चा बसतच नाही, १५ चा लावला तर कोपरे खातो. पहिल्याच सकाळी यू-बोल्टच्या (पाटा आसाला आवळून धरणाऱ्या बोल्टच्या) दोन नटांचे कोपरे गेले. मग सियागंजातून इंचाचे सॉकेट आणि रिंगपाने आणले. हे आधी करायला हवं होतं, पण ते नट तसेही कापायचेच होते म्हणून फारसं वाईट वाटलं नाही.

कोणते पर्याय होते

उस्तादांचं मत सरळ: "सर, गॅस मंगा लो। आधे घंटे में सब नीचे।" त्यात तथ्य होतं. शॅकल, बुश, यू-बोल्ट सगळं नवीन मिळतं. कापून टाकलं तर वेळ वाचतो.

माझ्या दोन हरकती होत्या. पहिली पेट्रोलची टाकी. या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, आणि मूळ गाडी डाव्या हाताची, म्हणजे टाकी डावीकडे. पाट्याचं मागचं टोक तिच्यापासून फार लांब नाही. टाकी रिकामी होती, पण रिकामी म्हणजे सुरक्षित हा गैरसमज आहे. आत उरलेली वाफच जास्त घातक. दुसरी हरकत पाट्याची. पाट्याच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं, म्हणजे ते तापवून निववून कणखर केलेलं असतं. डोळा लाल होईपर्यंत तापवला की पाणी उतरतं, आणि मग तो पाटा दिसायला पाटा, प्रत्यक्षात लोखंडाची पट्टी. चासीच्या ब्रॅकेटची गोष्ट वेगळी, तिथे बेताची ऊब चालते.

अण्णांचा आग्रह तिसराच होता. जितकं जुनं वाचेल तितकं वाचवायचं. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आली आहे. त्यात गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. शॅकल बदलला म्हणून नोंदणी अडत नाही हे मी सांगितलं, पण गॅस चालवताना चासीचा ब्रॅकेट कापला गेला तर तो प्रश्न उभा राहू शकतो, हेही खरं होतं.

ठरलं ते असं. यू-बोल्टांचे नट ग्राइंडरने कापायचे, कारण ते स्वस्त आणि नवे घालायचेच. टाकी आधी उतरवून वाड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची. बुश मात्र तेल मुरवून आट्यांवरून उघडायचे. एका वेळी एकच बाजू, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून जाग्यावर राहील.

डावीकडून सुरुवात केली. का? सावली तिकडे होती. एवढंच कारण.

काय केलं

चासीखाली दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे, आसाखाली जॅक. पाट्यावरचा भार काढणं महत्त्वाचं, नाही तर शॅकल बुशात तिरका दाबलेला राहतो आणि कितीही तेल घाला, फिरत नाही. आस इंच इंच वरखाली करून, शॅकल हाताने किंचित डुलेल अशी जागा शोधायची. गंजामुळे तो डुलत नव्हताच, पण पाट्याची पानं सैल झालेली दिसली, तिथे थांबलो.

तेल बाहेरून ओतून आत जात नाही, मातीच पिते. पुतण्याला सुचलं की जुनी निपलं काढून नवी बसवावीत आणि ग्रीसगनमध्ये ग्रीसऐवजी गंज सैल करणारं पातळ तेल भरून दाबावं. या सगळ्या प्रकरणात सुचलेली सर्वांत हुशार गोष्ट हीच. वरच्या बुशात तिसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाकडून तपकिरी पाणी झिरपलं. तेल आटे ओलांडून गेलं होतं.

चौथ्या दिवशी वरच्या बुशाभोवतीचा ब्रॅकेट ब्लोलॅम्पने तापवला, लाल नाही, नुसता पाण्याचा थेंब चटकन उडेल इतका. पोलादाच्या २० मिमी भोकाला ३०० अंश जास्त उष्णता दिली तर ते जेमतेम ०.०७ मिमी मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. त्यातही एकदा तापवून भागत नाही. तापवा, निवू द्या, पुन्हा तापवा. तिसऱ्या वेळी तीन फुटी पाइप लावून उस्तादांनी जोर दिला आणि बुश कर्र करून फिरला. त्या आवाजाला अण्णा आतून बाहेर आले. पोहे आले, चहा आला.

निर्णयाची जागा

खालचा बुश म्हणजे पाट्याच्या डोळ्यातला. तिथे तापवायचं नाही हे ठरलेलं, म्हणून तेलावर आणखी तीन दिवस. रविवारी सकाळी तोच पाना, तोच पाइप, तीच दिशा.

फिरला. थोडासाच, पण फिरला. बुशाच्या डोक्यामागून गंजाची भुकटी खाली पडली आणि पुतण्या ओरडला, "काका, हलला!"

पुढचा अर्धा मिनिट मी अनेकदा मनात उलटसुलट करून पाहिला आहे. बुशाचं डोकं आणि पाट्याचा डोळा यांच्यामध्ये आधी बारीक फट होती. मातीने भरलेली, पण होती. फिरल्यावर ती फट दिसेनाशी झाली. बुश उघडत असता तर फट वाढायला हवी होती. माझ्या डोळ्यांसमोर ती बंद झाली, आणि मी काय म्हणालो? "जोर कमी पडतोय, पाइप लांब घ्या."

उस्ताद क्षणभर थांबले होते. "सर, ये कस तो नहीं रहा?" असं त्यांनी विचारलंही. मी म्हटलं, वरचा याच दिशेने उघडला ना. त्यावर ते काही बोलले नाहीत. पाच फुटी पाइप लावला, दोघं लटकले, आणि बुशाचं डोकं तुटून पान्यासकट फरशीवर पडलं. उस्तादांचं कोपर ब्रॅकेटवर आपटलं. नशिबाने खरचटण्यावर भागलं.

पुतण्याने ते डोकं उचललं, रॉकेलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने घासलं आणि काही न बोलता माझ्या हातात दिलं. षटकोनाच्या सहाही कोपऱ्यांना छेदत जाणारी एक गोल खाच, लेथवर काढलेली, अगदी सुबक. वरच्या बुशाचं डोकं घासून पाहिलं. ते सपाट, खाच नाही.

लष्कराच्या जुन्या मॅन्युअलची प्रत त्याच्या फोनमध्ये पहिल्या दिवसापासून होती. त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे: काही शॅकलच्या एका पायाला डावे, म्हणजे उलटे आटे असतात. त्यांच्या बुशाच्या डोक्याला गोल खाच असते, आणि शॅकलच्या खालच्या पायावर घडवतानाच ठेवलेला छोटा उठाव असतो. आम्ही शॅकलवरची माती खरवडली. उठाव होता, हरभऱ्याएवढा.

म्हणजे डाव्या चाकाचे नट उलटे असतात हे माहीत असलेली चार माणसं त्याच चाकामागचा बुश कसत बसली होती.

तुटल्यानंतर

आता डोळ्यात बिनडोक्याचा बुश, आणि त्याच्या आत शॅकलचा पाय, दोन्ही गंजून एक झालेले. वेल्डिंगने नट चिकटवून फिरवण्याचा विचार आला. अशा वेळी तो उपाय चांगलाच आहे, पण वेल्डिंगची आच थेट डोळ्यात जाणार होती. सोडून दिला.

शॅकलचा बळी द्यायचं ठरलं. वाकणापाशी हॅकसॉने कापला. ग्राइंडर लवकर कापला असता, पण हात बसला नाही तर पाट्याला ओरखडा. कापायला पाऊण तास आणि दोन ब्लेड लागली. यू-बोल्ट आधीच निघाले होते, मागचा बोल्ट तेलाने सुटला, पाटा खाली आला.

सांवेर रोडच्या एका लेथवाल्याने शॅकलचा अडकलेला पाय ड्रिलने पोखरून काढला. बुशाची उरलेली नळी आतून हॅकसॉच्या पात्याने उभी चिरली आणि छिन्नीने आत दुमडून काढली. शेवटच्या टप्प्यात डोळ्याच्या आतल्या अंगाला एक चर पडला, नखाला लागेल इतका.

इथे अण्णा आणि मी यांचं पटलं नाही. लेथवाला म्हणाला चालून जाईल. अण्णांना मूळ पाटा हवा होता. माझं म्हणणं, हा मुख्य पाटा आहे, डोळा याच्याच टोकाला वळलेला आहे, आणि पोलादाला चर पडलेल्या जागेवरूनच भेग जाते. चालत्या गाडीत पुढचा डोळा तुटला तर त्या बाजूचा आस जागेवर राहत नाही. दोन दिवस आम्ही या विषयावर बोललो नाही. तिसऱ्या दिवशी अण्णांनीच लोहामंडीकडच्या कमानीवाल्याला फोन लावला. मुख्य पाटा नवा बनवून घेतला, बाकीची पानं जुनी ठेवली. जुना पाटा आता पडवीच्या भिंतीवर टांगलेला आहे.

शॅकलच्या संचाने आणखी वेळ खाल्ला. पहिला संच आला त्यात सगळे बुश सरळ आट्यांचे. विक्रेता म्हणाला, काय फरक पडतो, सगळे हेच लावतात. असेलही. पण तुटलेल्या डोक्यावरची खाच पाहिल्यानंतर बनवणाऱ्याने ती उगीच काढली असेल असं मानायला कोणी तयार नव्हतं. दिल्लीच्या काश्मिरी गेटहून खाचेचा बुश आणि उठाव असलेला शॅकल यायला तीन आठवडे लागले. तोवर इंदुरात पाऊस सुरू झाला होता आणि पुढून उचललेल्या जीपखाली वाड्यातल्या मांजरीने पिल्लं घातली होती. ती हलवायला परवानगी नव्हती. आणखी दहा दिवस गेले.

परिणाम

उजवी बाजू आम्ही दीड दिवसात उतरवली. काही वेगळं केलं नाही, फक्त क्रम बदलला. आधी रॉकेल आणि तारेचा ब्रश, चारही बाजूंनी स्वच्छ धातू दिसेपर्यंत. मग खुणा पाहिल्या. मग शॅकलचे आटे जिथे उघडे दिसतात तिथे त्यांचा उतार कुठे जातो ते पाहिलं. आटे सरळ की उलटे हे ओळखायला मॅन्युअलही लागत नाही, नवा बोल्ट शेजारी धरला की उतार जुळतो किंवा जुळत नाही. दोन्ही बुश सरळ आट्यांचे निघाले. मग तेल, मग पाना.

परत चढवताना मॅन्युअलप्रमाणे बुशाचं डोकं आणि डोळा यांच्यामध्ये १/३२ इंच, म्हणजे सुमारे ०.८ मिमी फट ठेवली, फीलर गेजने मोजून. हीच ती फट, जी आम्ही पाच फुटी पाइपने बंद केली होती. ती ठेवली नाही तर शॅकल मोकळा झुलत नाही आणि गाडी दगडासारखी उडते. चढवल्यावर पाटा हाताने झुलवून पाहिला आणि मगच यू-बोल्ट शेवटचे कसले.

वेगळं काय करता आलं असतं

सफाई आधी, हे उघड आहे. पण माझ्या मते खरी चूक मातीची नव्हती. उस्तादांनी प्रश्न विचारला होता, आणि मी त्याचं उत्तर पाहून न देता आठवणीतून दिलं. एकदा पाना उलट फिरवून पाहायला दहा सेकंद लागले असते. वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मुलांना मी हेच सांगत होतो की हललं म्हणजे उघडलं असं नाही. मुलांना सांगणं सोपं असतं.

दुसरं, सावलीमुळे डावीकडून सुरुवात. उजवीकडून केली असती तर दोन्ही बुश सरळ उघडले असते आणि डावीकडे आम्ही आणखी खात्रीने चुकीचा जोर लावला असता, असं उस्तादांचं मत. ते बरोबर असावं.

तिसरं, चांगल्या मापाचे पाने. इंचाच्या गाडीला इंचाचेच. उस्तादांनी आता स्वतःसाठी एक संच घेतला आहे आणि तो कोणालाही देत नाहीत, मलाही नाही.

गॅस लावला असता तर? अर्ध्या तासात काम झालं असतं, शॅकल तसाही गेलाच, मुख्य पाटाही गेलाच. अण्णांनी हे एकदा हसत हसत विचारलं. माझ्याकडे उत्तर होतं: चासीचा ब्रॅकेट वाचला आणि तीन बुश शाबूत निघाले. ते ऐकून त्यांनी मान डोलावली, पण पटलं की नाही ते कळलं नाही.

आता मागचे पाटे काढायचे आहेत. पुतण्याने मागच्या रविवारी सगळे बुश घासून काढले आणि प्रत्येकाशेजारी चासीवर खडूने बाण काढले. एका बाणाचं तोंड उलटीकडे आहे. उस्तादांनी तो बाण बोटाने पुसला, स्वतः खाच पाहिली, आणि पुन्हा तसाच काढला.